परदेशातील आपली माणसे आणि गावचे मैदान

दिनांक 19 जुलै 2025 रोजी आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील टाला या उपनगरात चाळिशीतील एका भारतीय गृहस्थावर टोळक्याने हल्ला केला. नोकरीनिमित्त आयर्लंडला येऊन त्या गृहस्थाला जेमतेम काही आठवडे झाले होते. त्याला मारहाण करण्यात आली, त्याचे कपडे उतरविण्यात आले आणि त्याच्याविषयी लहान मुलांच्या संदर्भात एक अत्यंत गलिच्छ अफवा पसरविण्यात आली. ती अफवा निराधार असल्याचे पुढे स्पष्ट झाले. रक्तबंबाळ अवस्थेतील त्या परक्या माणसाच्या मदतीला प्रथम धावून आली ती एक स्थानिक महिलाच. त्यानंतरच्या दिवसांत भारतीयांवरील आणखी काही हल्ल्यांच्या बातम्या आल्या. 1 ऑगस्ट रोजी डब्लिनमधील भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली. फिनिक्स पार्क येथे त्याच महिन्यात होणारा ‘इंडिया डे’ आयोजकांना पुढे ढकलावा लागला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी या हल्ल्यांचा जाहीर निषेध करून भारतीय समाजाच्या योगदानाचा गौरव केला.

ही बातमी वाचली तेव्हा आपल्या धर्मप्रांतातील अनेक घरांत काळजीचे सावट पसरले असणार. कोणाची कन्या तेथील रुग्णालयात परिचारिका आहे, कोणाचा पुत्र संगणक क्षेत्रात आहे, कोणाचा भाचा शिक्षणासाठी नुकताच गेला आहे. 2022 च्या आयरिश जनगणनेनुसार त्या देशात सुमारे 45 हजार भारतीय नागरिक राहत होते. ‘फादर, पोराला परत बोलावू का?’ असा प्रश्न आम्हांला त्या काळात दोन-तीन मातांनी विचारला. या प्रश्नाला वर्तमानपत्री उत्तर पुरेसे नाही. म्हणून या लेखात आम्ही त्याच्या एका बाजूचा, वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या बाजूचा, विचार करू इच्छितो. ती बाजू म्हणजे खेळाचे मैदान.

आमच्या सल्ल्यातील उणीव

परदेशी जाणारे तरुण निघण्यापूर्वी आशीर्वादासाठी येतात, तेव्हा आम्ही त्यांना वर्षानुवर्षे एकच सल्ला देत आलो आहोत. गेल्यावर प्रथम जवळचे चर्च शोधा, रविवारची मिस्सा चुकवू नका, आपली माणसे कोठे आहेत ते पाहा आणि त्यांच्या सोबतीने राहा. हा सल्ला चुकीचा नव्हता. परक्या देशातील पहिल्या थंडीत आपल्या बोलीतला एक शब्द कानी पडणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे शिक्षणासाठी काही काळ परदेशी राहिल्यामुळे आम्ही स्वतः अनुभवले आहे. तथापि तो सल्ला अपुरा होता, हे आता मान्य करावयास हवे.

गतवर्षी नाताळात आयर्लंडहून घरी आलेल्या एका परिचारिका भगिनीने आम्हांला हे उमजवून दिले. ती एका लहानशा नगरात राहते. पहिली दोन वर्षे तिचे आयुष्य भाड्याचे घर, रुग्णालय आणि चर्च या तीन ठिकाणांत बंदिस्त होते. दर रविवारी ती मिस्सेला जाई. शेजारच्या बाकावरील वृद्ध दांपत्य तिच्याकडे पाहून प्रेमाने हसे, शांतीचा हात देई. ‘पण फादर, दोन वर्षांत त्यांना माझे नाव ठाऊक नव्हते आणि मला त्यांचे,’ असे ती म्हणाली. पुढे तिच्या मुलाच्या शाळेतून शनिवारच्या खेळाच्या सरावाची चिठ्ठी आली. ती त्याला घेऊन मैदानावर गेली आणि कडेला अंग चोरून उभी राहिली. तिसऱ्या शनिवारी एका बाईने चिखलाने माखलेल्या जर्सींची पिशवी तिच्या हाती दिली आणि या आठवड्यात धुण्याची पाळी तुझी, असे सांगून ती निघून गेली. ‘त्या दिवशी मी घरी येऊन रडले,’ ती भगिनी म्हणाली. ‘दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी मला पाहुणी समजले नव्हते.’

ही पिशवी आमच्या मनातून जात नाही. पाहुण्याला आपण चहा देतो, काम सांगत नाही. काम सांगतो ते घरच्याला.

धर्मग्रामाच्या मातीतून उगवलेली संघटना

ज्या मैदानावर हे घडले ते ‘गॅलिक ॲथलेटिक असोसिएशन’ अर्थात जीएए या संघटनेच्या क्लबचे होते. तिची ओळख आपल्या वाचकांना करून देणे अगत्याचे आहे, कारण आयर्लंडचे समाजजीवन या संघटनेविना समजत नाही. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी परगण्यातील थर्लस या गावी, हेज हॉटेलात, मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. ब्रिटिश राजवटीत लोपत चाललेले देशी खेळ जगविणे हा तिचा उद्देश होता. हर्लिंग हा त्यांतील प्रमुख खेळ. लाकडी काठीने लहानसा चामडी चेंडू जमिनीवरून व हवेतून विलक्षण वेगाने फटकावण्याचा हा खेळ असून त्यात प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात. दुसरा गॅलिक फुटबॉल, ज्यात चेंडू हातानेही हाताळता येतो. दोन्ही खेळांत चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर सर्वसाधारणपणे एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुणांचा गोल.

काशेल येथील आर्चबिशप थॉमस क्रोक हे या संघटनेचे पहिल्या आश्रयदात्यांपैकी एक होते. डब्लिनमधील 82 हजारांहून अधिक प्रेक्षकांचे ‘क्रोक पार्क’ हे भव्य मैदान आजही त्यांचेच नाव मिरविते. मात्र आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. जीएएचे क्लब सर्वसाधारणपणे धर्मग्रामाच्या सीमांवर उभे राहिले. ज्या धर्मग्रामात माणूस राहतो, त्याच धर्मग्रामाच्या क्लबासाठी त्याने खेळावे, ही परंपरा आजही बलवान आहे. खेळाडूंना वेतन नसते. क्रोक पार्कवर हजारोंच्या साक्षीने अंतिम सामना खेळणारा वीर दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवितो किंवा शेतावर गाई दोहतो आणि पुढे आपल्या गावच्या क्लबात परततो. देशात असे दोन हजारांहून अधिक क्लब आहेत. चर्चमधील बाके अलीकडे रिकामी होत असताना तेथील धर्मग्रामाचे गावपण बऱ्याच अंशी या मैदानांनी टिकवून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, इतकी घट्ट, पिढीजात आणि राष्ट्राभिमानाने भारलेली संघटना परक्याला जवळ कशी करील? शंका रास्त आहे. या संघटनेने 1971 पर्यंत आपल्या सदस्यांना फुटबॉल, रग्बी, हॉकी व क्रिकेट हे ‘परकीय’ खेळ खेळण्यास मनाई केली होती. 21 नोव्हेंबर 1920 रोजी ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कवर गोळीबार करून 14 जणांचे प्राण घेतले होते. ती जखम खोल होती. परंतु त्याच मैदानावर 24 फेब्रुवारी 2007 रोजी आयर्लंड व इंग्लंड यांचे रग्बी संघ एकमेकांविरुद्ध खेळले आणि पुढे 31 जुलै 2020 रोजी, कोविडच्या काळात, मुस्लिम बांधवांनी तेथे बकरी ईदची नमाज अदा केली. दरवाजे उघडण्यास वेळ लागला, पण ते उघडले.

परके नाव, गावची जर्सी

दोन-तीन उदाहरणे बोलकी आहेत. शॉन ओग ओ हालपीन याचा जन्म फिजीमध्ये झाला. त्याची आई फिजीतील रोटुमा बेटाची, वडील आयरिश. बालपण ऑस्ट्रेलियात घालवून तो कॉर्क येथे आला. 2005 साली कॉर्कचा कर्णधार म्हणून त्याने हर्लिंगचा अखिल आयर्लंड चषक स्वीकारला, तेव्हा आपले भाषण त्याने आयरिश भाषेत केले, जी भाषा अनेक जन्मजात आयरिशांनाही अस्खलित बोलता येत नाही. वेक्सफर्डचा ली चिन याचे वडील मलेशियातील चिनी वंशाचे. आज हर्लिंगमधील अग्रगण्य खेळाडूंत त्याची गणना होते.

तिसरे उदाहरण आम्हांला विशेष भावते. झॅक मोराडी या कुर्द मुलाचा जन्म 1991 साली इराकमधील रमादी येथील निर्वासितांच्या छावणीत झाला. 2002 मध्ये त्याचे कुटुंब आयर्लंडमधील लेट्रिम या परगण्यात आले. मुलाला इंग्रजी येत नव्हते. शाळेत त्याच्या हाती हर्लिंगची काठी आली आणि भाषेच्या आधी त्याला खेळ आला. 2019 साली क्रोक पार्कवर लोरी मीगर चषक जिंकणाऱ्या लेट्रिमच्या संघात तो होता. त्याच्या कुटुंबाने मुक्काम हलविला तो डब्लिनच्या टाला उपनगरात, आणि तेथील क्लबातही तो खेळू लागला. वाचकांनी हे नाव ओळखले असेल. ज्या टालामध्ये 2025 साली एका भारतीयावर हल्ला झाला, तेच हे टाला. एकाच वस्तीने एका परक्याला आपल्या संघात घेतले आणि दुसऱ्याला रस्त्यावर मारले.

या विरोधाभासाचा अर्थ काय? मार खाणाऱ्याने मैत्री केली असती तर तो वाचला असता, असे म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. त्याला येऊन काही आठवडेच झाले होते. आणि गुन्हा गुन्हेगाराचाच असतो. तथापि अफवेचे एक लक्षण ध्यानात घ्यावे. अफवा चिकटते ती ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा चेहऱ्याला. जो माणूस दर शनिवारी मैदानावर गोलरक्षकाच्या मागे उभा राहून चेंडू परत फेकतो, त्याच्याविषयी काही वावगे बोलले गेले तर ‘थांबा, मी त्यांना ओळखतो,’ असे म्हणणारे कोणीतरी निघते. परक्या मुलखात माणसाला लाभणारे खरे संरक्षण हेच.

खेळच का?

रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकाने 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समाजातील नात्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, सारख्यांना सारख्यांशी घट्ट बांधणारी नाती. दुसरी, वेगळ्यांना जोडणाऱ्या पुलासारखी नाती. आपली मंडळे, आपले नाताळ मेळावे, आपल्याच मुलांचे क्रिकेट संघ ही पहिल्या प्रकारची नाती होत. आजारपणात, नोकरी गेल्यास, घरी मयत झाल्यास तीच धावून येतात. त्यांची अवहेलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु केवळ तेवढ्यावर विसंबून राहिलेला समाज बेटासारखा होतो. बेटावर सुख असेल, परंतु वादळात मुख्य भूमीशी संबंध तुटतो.

पूल बांधण्यास खेळ का उपयोगी पडतो, याची कारणे साधी आहेत. मैदानावर भाषा थोडी लागते. उच्चार चुकला तरी चेंडू चुकत नाही. भेट नेमाने होते, तोच वार, तीच वेळ, तीच माणसे. आणि मैत्रीला मोठ्या प्रसंगांपेक्षा वारंवार भेटणे अधिक मानवते. शिवाय संघाला माणसांची गरज असते. पंधरावा खेळाडू नसेल तर चौदांचे अडते. ज्याची गरज आहे त्याला कोणी उपकार म्हणून जवळ करीत नाही. आणि ज्याला खेळता येत नाही त्यालाही तेथे पाणी वाहणे, गुण लिहिणे, मुलांना गाडीतून नेणे अशी कामे असतातच.

ख्रिस्तसभेनेही हे ओळखले आहे. व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवन विभागाने 1 जून 2018 रोजी खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. पोप लिओ चौदावे, जे स्वतः टेनिसप्रेमी आहेत, त्यांनी 15 जून 2025 रोजी क्रीडा ज्युबिलीच्या मिस्सेत एकाकीपणाने ग्रासलेल्या आजच्या समाजात सांघिक खेळाचे मोल विशद केले. व्हॅटिकनचा ‘सेंट पीटर्स क्रिकेट क्लब’ 2013 साली सुरू झाला. रोममध्ये शिकणारे भारत, श्रीलंका, पाकिस्तान आदी देशांतील गुरुविद्यार्थी व धर्मगुरू त्यात खेळू लागले. सप्टेंबर 2014 मध्ये हा संघ कँटरबरी येथे अँग्लिकन संघाशी खेळला. सामना हरला, पण सोळाव्या शतकापासून दुरावलेल्या दोन ख्रिस्ती परंपरांचे सेवक एका मैदानावर आले.

अडचणींची जाणीव

खेळ हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असा आमचा दावा नाही. मैदानावरही विष असते. ली चिन याला 2012 साली एका क्लब सामन्यात वर्णद्वेषी शिवीगाळ सहन करावी लागली आणि त्याबद्दल प्रतिस्पर्धी खेळाडूंवर बंदी आली. परिचारिकांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. घरभाडे परवडत नाही म्हणून दर वर्षी गाव बदलणाऱ्या तरुणाला क्लब कोठला? पंचविशीत हर्लिंगची काठी प्रथमच हाती घेणारा मुख्य संघात खेळेल, हेही संभवत नाही. सामन्यानंतरचा मद्यालयातील मुक्काम ही आणखी एक अडचण. ज्याला ते नको असेल त्याने संकोच न करता सांगावे. मैत्रीची परीक्षा पेल्यावर होत नाही.

तरीही वाटा आहेत. स्त्रियांसाठी ‘गॅलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ हा उपक्रम 2008 पासून चालतो. त्यात स्पर्धेचा ताण नसतो, पूर्वानुभवाची अट नसते. मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत जीएएची ‘कूल कॅम्प’ शिबिरे भरतात. ज्यांना कोणताच खेळ येत नाही त्यांच्यासाठी ‘पार्करन’ आहे. 2004 साली लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनिशी आरंभ झालेला हा उपक्रम 2012 मध्ये आयर्लंडला पोहोचला. शनिवारी सकाळी उद्यानात पाच किलोमीटर धावावयाचे किंवा चालावयाचे. शुल्क नाही, स्पर्धा नाही, आणि धावणे नको असेल तर स्वयंसेवक म्हणून उभे राहण्याची मुभा. मुलांच्या संघासोबत काम करू इच्छिणाऱ्या प्रौढांची तेथे पोलीस पडताळणी होते. ती सर्वांचीच होते. तिचा अपमान मानू नये.

आणि क्रिकेटचे काय? ते सोडावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आयर्लंडने 2018 साली मालाहाइड येथे आपला पहिला कसोटी सामना खेळला. पंजाबातून विद्यार्थी म्हणून आलेला सिमी सिंग स्थानिक क्लबांतून खेळत राष्ट्रीय संघात पोहोचला आणि जुलै 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने शतक झळकविले. आमचे सांगणे एवढेच की, आपल्याच अकरा जणांचा संघ काढण्यापूर्वी गावच्या क्लबाचे दार एकदा ठोठावून पाहावे.

याच संदर्भात एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मालवण तालुक्यातील वराड या गावचे मूळ असलेले डॉ. अशोक वराडकर यांचे पुत्र लिओ वराडकर हे 2017 ते 2020 आणि 2022 ते 2024 या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. सिंधुदुर्गातील आडनाव त्या देशाने सर्वोच्च पदी बसविले. ज्या देशाने हे केले, तो देश काही मोजक्या गुंडांच्या हाती आहे असे समजून आपण दार लावून घेणे योग्य नव्हे.

आपल्या मैदानाचे काय?

लेख येथे संपविता आला असता. परंतु त्या भगिनीने जाता जाता जे विचारले ते वाचकांपुढे ठेवल्याविना राहवत नाही. ‘फादर, आपल्या गावच्या स्पर्धेत गेल्या दहा वर्षांत बाहेरचा एक तरी मुलगा खेळला का हो?’

आम्ही निरुत्तर झालो. आपल्या वाड्या-पाड्यांच्या सभोवती आज उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान येथून आलेली हजारो कुटुंबे राहत आहेत. त्यांची मुले आपल्या मैदानांच्या कुंपणाबाहेर उभी राहून आपले सामने पाहतात. आपल्या धर्मग्रामांतील स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकेवर ‘फक्त स्थानिकांसाठी’ ही अट आपण किती सहजतेने छापतो! त्या अटीमागे काही सबळ कारणे असतील, जमिनीचे, पाण्याचे, अस्तित्वाचे प्रश्न असतील. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी आपण लढतोही. परंतु कुंपणाबाहेरचा दहा वर्षांचा मुलगा त्या प्रश्नांचा अपराधी नाही. आपल्याही वस्त्यांत अफवा उठतात, मुले पळविणाऱ्यांच्या अफवा विशेषतः. त्या कोणाच्या चेहऱ्याला चिकटतात, हे आपण पाहिले आहे.

परक्याला घरात घेणाऱ्यांच्या पंक्तीत आपण बसू की बाहेर ठेवणाऱ्यांच्या, हे अंतिम न्यायाच्या दिवशी विचारले जाणार आहे, अशी आपली श्रद्धा आहे. परदेशी असलेल्या आपल्या लेकरांना कोणीतरी मैदानात बोलवावे, अशी आपण प्रार्थना करतो. ती प्रार्थना करण्याचा अधिकार आपण आपल्या मैदानावरून मिळवावयाचा आहे. येत्या नाताळच्या सुट्टीतील स्पर्धांची आखणी आता बहुतेक धर्मग्रामांत सुरू होईल. त्या बैठकीत कोणीतरी एवढा एक विषय मांडावा: या वर्षी प्रत्येक संघात कुंपणाबाहेरचे दोन खेळाडू असावेत काय? आणि तसे ठरले, तर सामना संपल्यावर त्यांना सरबताचा पेला द्यावाच, पण दुसऱ्या दिवशी खेळपट्टीवर पाणी मारण्याची पाळीही त्यांच्याकडे सोपवावी.